खालचा पसारा

प्रिय आई,

नमस्कार. बोट लागणं थांबलंय, आता जेवण पोटात टिकतंय. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल पहिल्यांदा मशीन माझ्या हातात दिलं. मी जहाजावर स्क्रीनसमोर, आणि ते चार किलोमीटर खाली, समुद्राच्या तळावरचे बटाट्याएवढे खनिजाचे दगड गोळा करतंय. भारी वाटलं. तेवढ्यात गाळात चाकांचे ताजे ठसे दिसले.

"आपल्याआधी कोण आलं होतं?" मी विचारलं.

"आम्हीच," शेजारी बसलेले आमचे चीफ म्हणाले. "तुझ्या जन्माआधी."

इतक्या वर्षांत काहीच बुजलं नव्हतं, काही उगवलंही नव्हतं.

निघताना तू विचारलं होतंस, "खालचा पसारा कोण आवरणार?" तेव्हा मी हसलो होतो. काल "आई विचारते" म्हणत तेच मी चीफना विचारलं. ते म्हणाले, "आईला जहाजावर आणू नकोस."

आज परत माझीच पाळी आहे.

तुझा,
पसारेवाला