ह्यांच्या केसांत हरवलेली बॅटरी

११ फेब्रुवारी

नवा फोन आला! लेकीने पाठवला. जुन्याची काच तडकली होती, ती तिला बघवत नव्हती. मला चालत होती. उघडला तर समोर हे! तिनेच लावून दिलेत. फोटो ओळखीचा— पाटीला पांढऱ्या रंगाचा पहिला हात देऊन झालाय, पाटीसमोर हे उभे, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरे केस, हातात ब्रश. हसतायत. अंगावर रंगाचा एक ठिपका नाही, म्हणजे काम नुकतंच सुरू झालं असणार.

बराच वेळ बघत बसले. मग काच आपोआप काळी झाली. बोट लावलं, परत आले. पुन्हा काळी. पुन्हा बोट. पोळ्या करपल्या.

१२ फेब्रुवारी

लेकीशी बोलता बोलता फोन मेला. बॅटरी संपली म्हणे. मला काय माहीत!

१३ फेब्रुवारी

कारण सापडलं. घड्याळ, तारीख, रेंज, बॅटरी— सगळं फोनच्या वरच्या पट्टीत असतं, बारीक बारीक, पांढऱ्या रंगात. आणि ह्या फोटोत वरची पट्टी म्हणजे ती पाटी आणि ह्यांचं डोकं! घड्याळ पाटीत विरून गेलंय, रेंज कानामागे, बॅटरी भांगात. चष्मा लावला, काढला, फोन तिरका केला. छे.

आणि हा माणूस जन्मभर पाट्या रंगवणारा! पांढऱ्यावर पिवळी अक्षरं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सुनावायचे— "अहो, पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे. नाहीतर नुसती भिंत काय वाईट होती?" आता स्वतःच भिंत होऊन बसलेत.

मी वाचायला शिकले ती ह्यांच्या पाट्यांवरच. शाळा दुसरीत सुटलेली. बाहेरच्या खोलीत पाट्या वाळत ठेवलेल्या असायच्या, केर काढता काढता मी अक्षरं लावायची. पहिला लांबलचक शब्द लागला तो 'केशकर्तनालय'. तो जमला तेव्हा वाटलं, आता कुठलंही पुस्तक आणा! हे म्हणाले, "हळू. अजून रंग ओला आहे."

१६ फेब्रुवारी

बाइंडिंगच्या दुकानात कामावर होते, पुस्तकांचे छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडत होते. मालक म्हणाले, "वहिनी, फोन डोळ्यात घालताय की काय?"

म्हटलं, "किती वाजले बघतेय."

"भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे की!"

"ते माझ्याकडे बघून हसत नाही."

मालकांनी पुढचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. ह्यांना ओळखायचे ते. दुकानाची पाटी ह्यांचीच.

दुपारी एक उपाय केला. फोटो बोटाने खाली ओढला, म्हणजे डोकं पट्टीच्या खाली येईल. आलं! पण आता तोंडावर सगळी खोकी येऊन बसली. नाकावर कॅल्क्युलेटर. एका डोळ्यावर हवामान. तोंडात कॅमेरा. फोन लावायचा तर ह्यांच्या हनुवटीला टोचायचं! हसू आवरेना. मालकांनी विचारलं काय झालं, तर सांगताही येईना. परत होते तिथे ठेवले.

२० फेब्रुवारी

लेकीचा पारा चढलेला. "आई, दोन दिवस कुठे होतीस? फोन लागतच नाही!"

मी कुठे असणार? फर्मे दुमडत होते. फोन मात्र विमानात बसला होता! त्याचं असं— हाताला पानं चिकटवायची खळ लागलेली असते, तिचे थेंब काचेवर वाळतात. मी अंगठ्याने वरून खाली खरवडते. तसं खरवडलं की वरून एक पडदा उतरतो, त्यावर विमानाचं चित्र, त्याला अंगठा लागला की फोन जगातून उठतो. विमानाचं चिन्ह वर उमटतं म्हणे. उमटलं असेल. ह्यांच्या कपाळावर.

लेक हसली नाही. आठवा महिना चालू आहे तिला. जावई ट्रक घेऊन आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणाली, "अगं, मला काही झालं असतं तर? कोणाला हाक मारू मी?"

मग म्हणाली, "बाबांना काढ तिथून."

"तूच लावलेस ना?"

"चुकलं माझं!"

वा! लावायचं तिने आणि काढायचं मी.

२१ फेब्रुवारी

नाही काढणार.

२४ फेब्रुवारी

स्वतःच्या अकलेवर खूश होते आज सकाळी! वहीच्या पाठीला लावतो ते काळं कापड, त्याची बोटभर पट्टी कापली आणि खळ लावून फोनच्या वरच्या काचेवर चिकटवली. काळ्यावर पांढरं उठून दिसतं ना, म्हणून. चिकटवून झाल्यावर लक्षात आलं की चिन्हं कापडाच्या खाली गेली. काचेच्या आत उमटतात ती, कापडावर कशी येतील? स्वतःशीच म्हटलं, बाई, तुझं वाचन वाया गेलं.

वाळू दे, मग काढू, म्हणून तशीच राहू दिली. तेवढ्यात लेकीचा फोन. बोलणं झालं. पण पट्टी लावल्यापासून बोलताना काच काळी होते ती परत उजळत नाही, फोन ठेवताच येईना. इकडे दाब, तिकडे दाब. शेवटी टेबलावर ठेवून दिला आणि त्या काळ्या काचेकडे बघून ह्यांना म्हटलं, "बघितलंत? लेक म्हणते तुम्हाला काढा. तुम्हाला काढलं तर सकाळी उठल्यावर मी उठले हे सांगू कोणाला?"

टेबलावरून आवाज आला— "आई, मी अजून आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं!

ती नाक ओढत म्हणाली, "मला सांगत जा. रोज. उठलीस की."

"बरं."

"आणि तुला फोन ठेवता आला नाही, म्हणजे काहीतरी चिकटवलंयस ना फोनला? काढ आधी ते."

२५ फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला फोन केला. "उठले." ती म्हणाली, "आई, मी नव्हते उठले."

५ मार्च

आधी फोन चार्जिंगला लावला, मग लिहायला बसले.

तीन वाजता मालकांच्या टेबलावरचा फोन वाजला. जावई! कुठल्याशा रस्त्यावरून. "आईंना द्या जरा." मी घेतला. म्हणाले, "तिच्या पोटात कळा येतायत. तुम्हाला आठ फोन केले तिने." माझा फोन पिशवीत होता. काढला तर मेलेला. सकाळी बॅटरी बघितली होती मी! बघितली होती, दिसली कुठे? वाटलं, असेल भरपूर.

मालकांच्या फोनवरून तिला लावला. शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. खोट्या कळा निघाल्या, घरी सोडलं. लेक दमलेल्या आवाजात म्हणाली, "काही नाही गं. झालं." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बाबांना काढ, असं आज म्हणाली नाही.

६ मार्च

काढले.

टेबलावर काळं कापड अंथरलेलं होतं, त्याचाच फोटो घेतला आणि लावला. मालक बघून म्हणाले, "वहिनी, फोनची बांधणी झकास झाली!" सगळं लख्ख वाचता येतं. बॅटरी बासष्ट. रेंज पूर्ण. विमान नाही.

हे आत आहेत, फोटोंच्या पेटीत. तीन वेळा बोट लावलं की येतात. तीन हाका मारल्याशिवाय कुठे यायचे म्हणा!

९ मार्च

सवयीने बोट लावते. कापड येतं. छान विणीचं आहे.

२६ मार्च

वाजला! पावणेअकराला, माझ्याच फोनवर, माझ्याच हातात. "आई, निघ." हाताला खळ तशीच. मालक म्हणाले, "फर्मे मी दुमडतो, पळा तुम्ही." मालक आणि फर्मे! एकतरी पान सरळ लागेल का! पण थांबले नाही. बसमध्ये दर वळणाला बॅटरी बघितली. एक्क्याण्णव. एकोणनव्वद. शेजारची बाई म्हणाली, "आजी, इतकं काय बघताय?" म्हटलं, "आजी व्हायचीय अजून. संध्याकाळपर्यंत थांबा."

२७ मार्च

मुलगी! पहाटे झाली. मी पोचले होते, तिचा हात धरून होते. जावई दुपारी पोचले, दाढी वाढलेली, हातात तीन फुगे. नाक ह्यांचं घेतलंय पोरीने. बिचारी.

३० मार्च

दुपटी. दूध. दुपटी. लिहायला वेळ नाही.

४ एप्रिल

काल ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मला आज सकाळी कळलं. लेकीला तर मी सांगितलं तेव्हा कळलं.

काल दहादा तरी फोन बघितला असेल— किती वाजले, दूध कधी पाजलं म्हणून. तारीख वेळेच्या शेजारीच होती. काळ्यावर पांढरी, स्वच्छ.