चार टायर, एक आकडा

बाबा,

देव्हाऱ्यातली गाडीची चावी मी घेतलीय, शोधत बसू नका. गाडी घेऊन मुलुंडला टायरवाल्याकडे चाललोय. जेवायच्या वेळेपर्यंत येतो.

परवा सोसायटीच्या गेटवर वळताना चाक घासलं, त्यात तुमची काही चूक नव्हती. आपल्या गाडीला १६५ चे टायर लागतात. मी १८५ चे बसवले, कारण ते स्वस्तात मिळत होते आणि टायरवाला "चलेगा साब" म्हणाला. ते रुंद आहेत, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आत घासतात. नव्या टायरखाली लिंबं ठेवताना तुमच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून तुम्ही आकडा मला वाचायला सांगितलात. मी १६५ वाचला.

तीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या माणसाने "आता हात राहिला नाही" म्हणून चावी देवापुढे ठेवली, आणि मी समोर बसून गपचूप चहा प्यायलो. लाज वाटते, बाबा.

पोहे झाकून ठेवलेत. प्रेशरची गोळी घ्या.

हॉर्न वाजवला की चष्मा घालून खाली या. या वेळी आकडा तुम्हीच वाचा.

सुयोग