रिसालदार पणजोबांचा कागद

५ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार
वीस तारखेला स्वराला शाळेत पूर्वजांवर बोलायचंय. म्हटलं, बाळा, माझे पणजोबा तुळशीदास व्हिक्टोरिया राणीच्या घोडदळात रिसालदार होते. मोठे ऑफिसर. ती म्हणाली, कूल आजी. सूनबाई म्हणाली, पुरावा लागेल. घ्या! माहेरी देव्हाऱ्यात राणीच्या शिक्क्याचा इंग्रजी कागद आहे. दर दसऱ्याला पूजा होते. त्याच्या जोरावर घरात सहा लग्नं जुळली. वाचता कुणाला येत नाही, पण मान आहे. भाचा लवू, इथे आखातातच अम्गऱ्याच्या कारखान्यात वेल्डर, सध्या सुट्टीवर गावीच आहे. फोन केला, येताना आण.

८ फेब्रुवारी
खालच्या रबियाला सगळं सांगितलं. ती म्हणे, तिचे पणजोबा आगबोटीचे कप्तान. लोक काय वाट्टेल ते फेकतात.

१० फेब्रुवारी, दुपारी ४
चार्टवर माझा घोड्यावरचा फोटो लावायचा. रक्तातच आहे. सोफ्याच्या हातावर बसून प्रॅक्टिस सुरू.

४.१०
सोफ्याचा हात ढिला निघाला, पडले. इकडचं फर्निचरच तसलं. कंबरेला बाम. स्वराने पाहिलं. चॉकलेट देऊन तोंड बंद केलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
बनेद अल-गारच्या समुद्रावर गेलो. घोडा फारच बुटका, माझ्या कामाचा नाही. नुसता लगाम धरून फोटो काढला. म्हणजे लगाम घोडेवाल्यानेच धरलाय, पण त्याला कापता येईल.

१८ फेब्रुवारी
लवू आला. कोकमाच्या पिशवीत कागद. त्यावर हळदीकुंकवाचा हा एवढा थर. स्वराने कापसाने पुसला, वाचायला लागली आणि हसत गादीवर लोळली. मग माझ्या मुलाने, सुदेशने, मराठीत सांगितलं. साधा शिपाई. नोकरी चार महिने. घोड्यावरून अकरा वेळा पडला. घोड्याचा दोष नाही. घरी पाठवावे.
दुसरा कुणीतरी तुळशीदास असणार. स्वराला बजावलं, शाळेत रिसालदारच म्हणायचं. माहेरी कळवायचं नाही. सातवं लग्न ठरतंय.

२० फेब्रुवारी, शनिवार
स्वराने कागद जसाच्या तसा वाचला. वर्ग पोट धरून हसला म्हणे. पहिला नंबर मिळाला. सुदेश, सूनबाई, रबिया, सगळे चार्टभोवती. वर पणजोबांचं चित्र, खाली माझा फोटो, घोडेवाल्यासकट. त्याखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, पणतीचं नाव असेल. रबियाने मोठ्याने वाचून अर्थ सांगितला.
सोफ्याचा दोष नाही.