किती माणसं आली?

९ नोव्हेंबर
मुरब्याला आईला फोन. प्रश्न ठरलेला, "आज किती मानसं आली गो?" चार. त्यातला एक नवरा, सुधीर, कंपनीत चहाच्या सुट्टीत ब्लॉग उघडतो बिचारा. आणि एक मीच. तरी आई खूश. चाळीस वर्षं पालघर बाजारात मासळीची पाटी लावली, गुडघ्यांनी घरी बसवलं. तेव्हापासून तिच्यापुढे कोणी येऊन उभं राहत नाही. म्हणून हा उद्योग, ती सांगते नि मी लिहिते. आज ओल्या बोंबलाचं लिहिलं. ब्लॉग म्हणजे तिला पाटीच वाटते, नि वाचणारे म्हणजे गिऱ्हाईक. मी समजावत बसत नाही.

१४ नोव्हेंबर
ब्लॉगवर जाहिराती लागल्या! माझ्या बोंबलाशेजारी गादीची जाहिरात. पण बघायला माणसं नकोत? चौघांत काय मिळणार, कप्पाळ. बोईसर स्टेशनजवळ एका गाळ्यात ट्रॅफिक विकत मिळतं म्हणे. विचारून आले. "भाभी, रोज दो हजार विजिटर भेजूंगा. बिलकुल असली जैसा." असली जैसा! तिथेच उठायला हवं होतं.
सु.ला सांगितलं. "ट्रॅफिक विकत? चिल्हार रोडला फुकट मिळतंय की!" हा सांगलीचा माणूस हसला की खोली हलते.

१७ नोव्हेंबर
घेतलं. जाहिरातीच्या पैशासाठी घेतलं, इथे तरी खरं लिहावं. स्वतःची कमाई असावी, एवढंच. पण आईनं विचारलं आणि तोंडातून निघून गेलं, "दोन हजार." मग, "दोन हजार मानसं? माझ्याकडं?" रडली गं माझी आई.

२३ नोव्हेंबर
वहिनी सांगत होती, आई फोनच्या आधी साडी बदलते. अबोलीचा गजरासुद्धा. बाजाराला निघायची तशी. आज तासभर बोलली. कडक वाळलेला बोंबील मोडताना कसा वाजला पाहिजे, हे तोंडानं आवाज काढून दाखवलं. तो आवाज कसा लिहायचा?

३० नोव्हेंबर
ब्लॉगखाली अभिप्रायांचा पूर. इंग्रजीत, सगळे एकाच साच्यातले. छान लेख, आमच्या गोळ्या घ्या. आलेले दोन हजार पान उघडतात नि मिटतात, दुसऱ्या ओळीपर्यंत कोणी पोचत नाही.
आई : "मानसं काय इचारतात?"
"काही नाही. वाचतात."
"काय पन नाय?"
"नाही."
फोन लवकर ठेवला तिनं.

२ डिसेंबर
सगळे अभिप्राय एका फटक्यात काढले. 'सर्व निवडा', 'कायमचे पुसा'. घर झाडून घेतल्यासारखं वाटलं.

६ डिसेंबर
आई काही सांगायलाच तयार नाही. डोकं दुखतं, उद्या बघू. खूप खोदलं तेव्हा म्हणाली, "घ्यायचं नसलं तरी गिऱ्हाईक मासळीचा कल्ला उघडून बगतं गो. ताजी हाय का, इचारतं. घासाघीस करतं, शिव्या पन देतं. दोन हजार मानसं आली नि एकानं कल्ला नाय उघडला. माझी मासळीच शिळी झाली."
तेव्हाच सांगायला हवं होतं. आई, तुझी मासळी नाही, माझं गिऱ्हाईक खोटं. नाही सांगितलं. चार माणसांत सुखी होती ती. मी तिला दोन हजारांत एकटी पाडली.

११ डिसेंबर
जाहिरातवाल्यांचं पत्र. भेटी बनावट, खातं बंद, कायमचं. गाळेवाला म्हणे, "होता है भाभी, नया खोल लो." त्याच्यावर ओरडले, मग रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याला वाटलं कोणी गेलं. खात्याचं दुःख नाही. पाच दिवस आईनं स्वतःहून फोन केलेला नाही.

१३ डिसेंबर
मेल साफ करत होते. प्रत्येक अभिप्रायाची सूचना मेलवर येते, पहिल्या दोनतीन ओळींपुरती. त्या कचऱ्यात एक मराठी. २८ नोव्हेंबरची.
"मी माकुणसारची. तुमच्या आई म्हणजे पालघर बाजारातल्या जानकीबाई का? मी कायम त्यांच्याकडूनच घ्यायचे. त्यांना एक सांगायचं राहून गेलंय, की त्या दिवशी..."
पुढे टिंबं. 'पूर्ण वाचा' दाबलं. सापडत नाही. कसं सापडेल, मीच पुसलं. नाव नाही, नंबर नाही.

१४ डिसेंबर
मुरब्याला गेले. पुढ्यात बसून सगळं सांगितलं. "इकत आनलीस मानसं?" एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या बाईच्या ओळी वाचल्या. परत वाच म्हणाली. परत वाचल्या.
"कंच्या दिवशी गो?"
"तिथेच तुटलंय, आई."
"मंजी एकीनं कल्ला उघडला. नि तूच तिला हाकललीस."
हो.

२१ डिसेंबर
सफाळ्याला उतरून माकुणसार. किराणा दुकान, देवळाचा ओटा, दिसेल त्या बाईला विचारलं. पालघरात जानकीबाईंकडून मासळी कोण घ्यायचं? एक हसली, आमच्या दारावरच येते हो मासळी. एकीनं पाणी दिलं. संध्याकाळी तशीच परत. ब्लॉगवर सगळ्यात वर लिहिलं : माकुणसारच्या ताई, चूक माझी झाली, पुन्हा लिहा. आई वाट बघते.

४ जानेवारी
आता रोज तीनच. एक सु., एक मी. तिसरं कोण, कळत नाही. पान उघडतं, शेवटपर्यंत थांबतं, काही न लिहिता जातं.
आई आता किती आली विचारत नाही. साडी नाही, गजरा नाही. फोन उचलते नि म्हणते, "आली का ती?"
"नाही, आई."
"बरं."
मग ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.