खुर्ची ओढून बसणारी मुलगी

लाडके चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझ्या लेखाचा कुणी कुठे उल्लेखसुद्धा केलेला नाही. बढतीच्या समितीला आकडे लागतात. आता संशोधन बंद, नुसते तास घेईन." मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर इस्पितळातून बोलतोय, हे सांगितलंच नाही. रागावू नकोस.

आज समाजकार्य शिकणारी एक मुलगी आली. हातातले कागद बाजूला ठेवून, खुर्ची ओढून बसली.

"आजोबा, घरी गेल्यावर आधी काय करावंसं वाटतं?"

"गच्चीवर जाऊन शाळेतली कविता मोठ्यानं म्हणायचीय."

"मग जिना चढायलाच हवा!" म्हणत तिनं व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना बोलावलं. कविताही ऐकली, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. तुझ्या आईलासुद्धा एवढा धीर कधी धरवला नाही.

"असं विचारायला कुणी शिकवलं गं?"

"एका बाईंचा लेख आहे, आमच्या अख्ख्या वर्गानं वाचलाय. पेशंटला दुखणं नंतर विचारायचं, आधी त्याची इच्छा." आणि तिनं तुझं नाव घेतलं!

ऊर भरून आला गं. पण मी बाप आहे, हे गिळून टाकलं. म्हटलं, "त्यांना कळव की हे."

"एवढ्या मोठ्या बाई मला उत्तर देतील?"

"देतील. स्वभावानं बऱ्या आहेत, असं ऐकून आहे."

हे पत्र मात्र मी इतक्यात पाठवणार नाही. बापाचं कौतुक तू हसण्यावारी नेशील. समोरच्या बाकावर ती मोबाइलवर तुला लिहितेय, खोडतेय, पुन्हा लिहितेय. तिचं आधी पोचू दे.

तुझा,
जिना चढू लागलेला बाबा