तेल निवेपर्यंत

आबा, मी पायरीवर बसले आहे. तुमची ती बोईसरच्या खोलीची पायरी रस्ता रुंद करताना गेली. ही बेटेगावची, आमची. पुढे गॅरेज, मागे घर. समोर गिऱ्हाइकाची लाल स्पोर्ट्‌स कार उभी आहे, दार उघडं आणि इंजिन चालू. एवढ्यात बंद करायची नाही, तापलेली आहे. तापलेली मीही आहे, म्हणून आत न जाता फोनवर तुम्हाला हे लिहीत बसलेय. जावई तुमचे प्लांटला शिफ्टला गेलेत, नाहीतर त्यांच्यावरच निघालं असतं सगळं.

तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती ना, ती तुमची नात आता गाड्यांत माझ्या बरोबरीनं हात घालते. खोटं कशाला बोलू, काही बाबतीत माझ्याहून बरी. या गाडीचं ऑइल बदललं होतं, कूलंटचा एक पाइप नवा टाकला होता. म्हटलं, चिंचणीपर्यंत नेऊन बघून ये. बाई मोकळ्या रस्त्यावर चांगली ताणून आल्या, आणि शटरसमोर थांबल्या थांबल्या इंजिन खटकन बंद! का, तर फोन वाजला. आबा, या गाड्यांत टर्बो असतो, म्हणजे धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो लाल होईपर्यंत तापतो आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. गाडी ताणून चालवली आणि लगेच बंद केली, की तेल जागच्या जागी थांबतं आणि तिथंच करपतं. म्हणून शेवटचा थोडा रस्ता हळू यायचं, आल्यावर जरा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायचं. हे तिला मीच शिकवलंय.

"पाण्याचा काटा मधेच होता गं मम्मी, बघ ना," ती म्हणाली.

"पाण्याचा काटा काय बघतेस? तेलाचं मीटर मी शोभेला बसवलंय?"

"दीदी, छोड़ो ना, रेडिएटर का फॅन चल रहा है अभी," आमचा एक कामगार मधे पडला. त्यालाही मी गप केलं.

तेव्हा ती म्हणाली, "पुण्याहून फोन होता. मला घेतलंय त्यांनी." पुण्याला एक वर्कशॉप आहे, शर्यतीच्या गाड्या तयार करतात. तिनं तिथं अर्ज केल्याचं मला माहीत होतं. घेतील असं वाटलं नव्हतं. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, "तापलेलं इंजिन बंद कसं करायचं ते कळत नाही, आणि निघाली रेसच्या गाड्या करायला! जा. पण गेलीस तर या शटरखाली परत पाऊल टाकू नकोस." सगळ्या कामगारांसमोर. ती आत गेली, आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज मला गॅरेजपर्यंत ऐकू आला.

मग मी काय करावं? किल्ली उचलली आणि तीच गाडी घेऊन निघाले. टर्बो गेला की राहिला ते बघायला हवं होतं, आणि घरात थांबले असते तर आणखी बोलले असते. चिंचणीपर्यंत गेले. निळा धूर नाही, शिट्टी नाही, ताकद जशीच्या तशी. काही झालेलं नाही हो गाडीला. परत येताना सावकाश आले. पाण्याचा काटा केव्हाच जागेवर आला होता, तेलाचा मात्र हटता हटत नव्हता. गिऱ्हाइकांना मी नेहमी हेच सांगते, पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं, तेलाचं दोन्ही उशिरा. आज सांगायला कोणी नव्हतं, तर आपलं घर आठवलं. आई पाणी होती. भडकायची आणि पोळी लाटता लाटता विसरून जायची. तुम्ही तेल. आणि मी तुमच्यावर गेलेय, असं आई चिडली की म्हणायची.

तो बिडाचा तवा आठवतो? सांगलीहून आईनं उरापोटावर आणलेला. मी भाकऱ्या उरकल्या, स्टोव्ह बंद केला आणि तवा तसाच मोरीत नेऊन नळाखाली धरला. चर्र झालं आणि तवा मधोमध तडकला. आई कपाळ बडवून घेते आहे, आणि तुम्ही दारातून बघताय. "आग इझली म्हंजे तवा इझला व्हय गं? जरा दम धरायचा की," एवढंच बोललात. कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळलात, त्यातलं मला कळलं ते तेवढंच. पण गॅरेज त्यावरच चाललंय माझं.

आणि तुमची ती पायरी. शिफ्टवरून आलात की घरात पाऊल टाकायचा नाहीत. चपला काढून पायरीवर बसायचं. आई पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून मुकाट आत यायची. तुम्ही पाणी प्यायल्याशिवाय तुमच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियम. आत काय होतं तुमच्या, सुपरवायझरचं बोलणं की भट्टीचा ताप, आम्हाला कधी कळलं नाही, कारण घरात ते कधी आलंच नाही. मी तो नियम एकदाच मोडला. मोटार मेकॅनिकला नाव घातलं होतं, आई रडून रडून "पोरीची जात, काळे हात" करत होती, आणि तुम्ही पायरीवर टेकता टेकता मी सांगून टाकलं. तुमचा चेहरा असा ताठ होतो. मी मार खायच्या तयारीनं उभी आहे. तुम्ही वळून रस्त्याकडे बघत बसता. अंधार पडायला येतो, तांब्या तसाच. शेवटी घटाघटा पाणी पिता, आत येता आणि विचारता, "त्या आयटीआयची बस किती वाजता सुटती?"

मघाशी उठून गाडी बंद करून आले. काटा खाली आला होता. परत इथंच बसले.

टर्बोचा राग नव्हताच तो. ती गेल्यावर या गॅरेजात मी कोणावर ओरडू? कोणाला दाखवू नवीन गाडी आली तर? भीती वाटते आबा, दुसरं काही नाही. ती तोंड फिरवून गेली तर माझ्यासारखीच आहे, लवकर निवायची नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि ती बाहेर आली. डोळे सुजलेले. माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. तुम्ही तिला आठवतही नाही. आईनंच कधीतरी सांगून ठेवलं असणार.

तांब्या अजून भरलेलाच आहे. खरं सांगू का, माझं डोकं केव्हाच निवलंय. पण पाणी प्यायले की आत जावं लागेल, आणि आत गेले की विचारावं लागेल, पुण्याची गाडी किती वाजता आहे.