दहा हजार पावलांचा पट्टा

३ मार्च
कळंबोलीच्या आमच्या ऑफिसात आजपासून वेलनेस. एचआरच्या रेवाने प्रत्येकाला पावलं मोजणारा मनगटी पट्टा वाटला. रोज दहा हजार, तीन महिने. पहिल्याला सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ. चोपन्नाव्या वर्षी तरण्या पोरांना दाखवून देणार. उद्या पहाटे साडेपाच, वडाळे तलाव.

४ मार्च, सकाळी ८
जाग आली नाही. शुभकार्य पाडव्याला सुरू करावं.

७ मार्च
आकडा १,१४०. खालून पहिला, आणि रेवा यादी नोटीस बोर्डावर लावते. आमची सुमती दिवसभर घरात चालतच असते, ती पावलं फुकट जातात. पट्टा तिच्या हाताला बांधला. फक्त पाडव्यापर्यंत.

१५ मार्च
९,८००! बिल्डिंगची लिफ्ट बंद, आम्ही चौथ्या मजल्यावर. इष्टापत्तीच.

२ एप्रिल
पाडवा झाला, पण ऊन माझ्या प्रकृतीला सोसत नाही. यादीत तिसरा. सुमतीला म्हटलं, भाजी रोज ताजी आणलेली बरी. तलावालाही दोन फेऱ्या मार, तेवढीच हवा खाशील. जिन्यात दम लागतो म्हणाली. सवय नाही, दुसरं काय.

१६ एप्रिल
पट्ट्याच्या ॲपवर लाल सूचना, रेवालाही दिसली : हृदयाचे ठोके अनियमित. आठवड्यातली तिसरी. रेवाने केबिनमध्ये बोलावून डॉक्टरांना दाखवा म्हणून विनवलं. पोरगी गुणी आहे.

१७ एप्रिल
ईसीजी काढला. एकदम स्वच्छ. व्यायामाचा गुण येतोच. सूचना बंद करून टाकल्या.

५ मे
पहिला! ऑफिसात टाळ्या. शिस्तीवर चार शब्द बोललो. सुमती आज जिन्यात दोनदा खाली बसली, शेजारच्या मनिषाताईंनी पाणी दिलं म्हणे. लिफ्टबद्दल सोसायटीला कडक पत्र लिहिणार.

२१ मे, संध्याकाळी ७
सकाळी सुमती तलावाजवळ कोसळली. आयसीयूत आहे. डॉक्टरांनी विचारलं, हा त्रास कधीपासून? फोन पुढे केला. त्यात सगळं तारखेनिशी होतं. नाव वाचून ते म्हणाले, हे ठोके तर तुमचे आहेत. नाही, तिचे, म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मघाशी पाच मिनिटं आत सोडलं. तिने रिकामं मनगट दाखवलं.

"पट्टा काढला हो सिस्टरनी. आजची पावलं बुडाली तुमची."

बाराएक दिवस बाकी आहेत, तरी म्हटलं, स्पर्धा संपली.

"मग पहिलेच आलात ना?"

हो म्हणालो. तिला बरं वाटलं.